गळालेल्या चिकूचं इंधन करायचं असेल तर आधी पाण्याचा हिशोब मांडा

विचारणारे दादा बोरिवलीला राहतात आणि डहाणूजवळ त्यांच्या घरची चिकूची वाडी आहे. त्यांचं म्हणणं असं की सीझनला साधारण तीन टन माल गळतो, फुटतो नाहीतर व्यापारी नाकारतो, तो नुसता झाडाखाली सडतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ बघून त्यांना वाटतंय की हा माल आंबवून इथेनॉल, म्हणजे इंधनाचं अल्कोहोल, काढावं, त्यावर पाण्याचा पंप, तण काढायचा पॉवर वीडर आणि स्वतःची बाईक चालवावी, आणि आजूबाजूचे दहा-बारा वाडीवाले एकत्र आले तर गावाचं स्वतःचं इंधन होईल. हे परवडेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

दादा, मी माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजातून, शिकले आणि पुढची तीसेक वर्षं साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत काढली, नगर आणि सांगलीकडे. आता मुलुंडला असते. असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, कोणाकडे आंबा असतो, कोणाकडे काजूची बोंडं, एकांकडे तर नासलेली द्राक्षं होती. प्रत्येकाला वाटतं की अवघड भाग म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणं. तो भाग यीस्ट करतं हो, आणि फुकटात करतं. अवघड आहे ते पाणी. फळातलं पाणी, वॉशमधलं म्हणजे आंबवलेल्या रसातलं पाणी, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला लागणारं पाणी, शेवटचं चार टक्के पाणी जे काही केल्या सुटत नाही, आणि सगळं झाल्यावर खाली उरलेलं काळं पाणी. छोट्या प्रमाणावर इथेनॉल करणारा माणूस खरं तर पाण्याशीच झगडत असतो, म्हणून तुमचा हिशोब मी पाण्याच्याच बाजूने मांडते.

आधी साखर किती ते बघू. पिकलेल्या चिकूत साखर चांगली असते, आपण १४ टक्के धरू. तीन टनांत झाली ४२० किलो. कागदावर एक किलो साखरेपासून ०.६५ लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं, कारण ग्लुकोजच्या १८० भागांपैकी ९२ भागच अल्कोहोल होतात, बाकीचे ८८ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात, त्याला कोणाचाच इलाज नाही. म्हणजे कागदावर २७० लिटर. पण गर सगळा सुटत नाही, साल आणि बियांना चिकटून जातो, कच्च्या फळाचा चीक आणि टॅनिन यीस्टला त्रास देतात, डहाणूच्या उकाड्यात टाकी तापते आणि ३८-४० डिग्रीच्या वर यीस्ट दम सोडतं, मधेच ॲसिटिक होऊन आंबट वास सुटतो, शिवाय उकळताना थोडं हरवतं. मोठ्या कारखान्यात कागदावरच्या आकड्याच्या ८५-९० टक्के हाती येतं कारण तिथे कूलिंग, लॅब, सगळं असतं. वाडीवर ६०-६२ टक्के आलं तरी मी तुमचं कौतुक करेन. म्हणजे १७० लिटर धरा.

आता १७० लिटर ऐकायला बरं वाटतं, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, लिटरला साधारण २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. एक लिटर पेट्रोलचं काम करायला दीड लिटर इथेनॉल लागतं. तुमचे १७० लिटर म्हणजे ११० लिटरच्या आसपास पेट्रोल. लिटरला शंभराच्या थोडं वर धरलं तरी वर्षाला अकरा-साडेअकरा हजार रुपयांचा माल झाला. हा सगळ्या खटाटोपाचा जास्तीत जास्त फायदा, यातून अजून लाकूड, मजुरी, यीस्ट, भांडी काहीही वजा केलेलं नाहीये.

आणि लाकूड वजा करायला गेलं की खरी गंमत संपते. चिकूच्या वॉशमध्ये सहा टक्के अल्कोहोल चढलं तर चांगलं चढलं असं समजायचं. सहा टक्के म्हणजे एक लिटर अल्कोहोल साडेसोळा लिटर वॉशमध्ये विरघळून बसलंय. ते काढायला ते सगळं साडेसोळा लिटर उकळीपर्यंत न्यावं लागतं, वर रिफ्लक्ससाठी, म्हणजे थंड झालेला थोडा माल परत खाली सोडून तो आणखी शुद्ध व्हावा म्हणून, वाफ पुन्हा पुन्हा करावी लागते. मी हिशोब केला तर लिटरमागे सात मेगाज्यूलच्या आसपास उष्णता भांड्यात उतरायला हवी, आणि साध्या चुलीवर लाकडाच्या उष्णतेतला चौथा हिस्सा भांड्यात गेला तरी नशीब, म्हणजे दोन किलो सुकं लाकूड. दोन किलो लाकडात तीस मेगाज्यूल असतात. म्हणजे ३० मेगाज्यूल जाळून २१ मेगाज्यूल बाटलीत भरायचे. कारखान्याला हे का परवडतं तर त्यांच्याकडे चिपाडं फुकट असतात, बॉयलर असतो, आणि गरम निघालेल्या काळ्या पाण्यातून उष्णता काढून येणाऱ्या थंड वॉशला देणारे हीट एक्स्चेंजर असतात. गावच्या भट्टीवर यातलं काहीच नसतं.

थंड पाण्याचंही तसंच. वाफेचं परत पाणी करायला कंडेन्सरमधून लिटरमागे चाळीस-पन्नास लिटर पाणी फिरवावं लागतं, आणि ते थंड राहायला हवं. मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणीच ३३-३४ डिग्री असतं, तेव्हा कंडेन्सर नुसता घाम गाळतो.

हे मी एकदा फार जवळून बघितलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी आम्ही प्रयोगासाठी छोटा पायलट कॉलम, म्हणजे वाफ वर चढत शुद्ध होते तो उभा नळ, लावला होता, उंची जेमतेम पत्र्याच्या शेडला लागेल इतकी, आत स्टीलच्या रिंगा भरलेल्या, खाली स्टीमचा कॉइल. कॉलमच्या डोक्यावरचं थर्मामीटर ७८ वर आलं की तिथेच चिकटून बसतं, ते बघायला मला अजून आवडतं, जोपर्यंत काटा ७८-७९ ला आहे तोपर्यंत वर चांगला माल चाललाय असं समजायचं, आणि तो ८२-८३ कडे सरकला की पाणी वर चढायला लागलंय. तर त्या दिवशी दुपारी लाइट गेली. कूलिंगचा पंप बंद पडला पण बॉयलरची वाफ चालूच होती. काटा सरकायच्या आधी मला वास आला, गोडसर, डॉक्टर इंजेक्शनच्या आधी कापूस फिरवतात तसा, पण पाचपट. वाफ व्हेंटमधून सरळ शेडमध्ये येत होती. आमचे ऑपरेटर मामा जुने होते, त्यांनी एक शब्द न बोलता आधी स्टीमचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग दारं उघडली. माझ्या हातून तोपर्यंत सॅम्पलची बाटली पडून थोडं जमिनीवर सांडलं होतं, ते उताराने शेडच्या बाहेर गेलं आणि बाहेर कोणाची तरी विडी होती का वेल्डिंगची ठिणगी होती ते आजपर्यंत कळलं नाही. भर उन्हात अल्कोहोलची ज्योत दिसतच नाही हो, निळसर असते ती उन्हात विरून जाते. बाहेर उभ्या असलेल्या पोऱ्याच्या पँटची कड तपकिरी होत वर सरकायला लागली तेव्हा कळलं की तिथे आग आहे. मामांनी त्याला पाण्याच्या पिंपात जवळजवळ बसवला. पायाला फोड आले, बाकी वाचला. त्यानंतर मी कुठल्याही डिस्टिलेशनच्या जागी गेले की आधी हे बघते की लाइट गेली तर आग आपोआप बंद होते का. लाकडाची चूल बटन दाबून बंद होत नाही, हे लक्षात असू द्या. इथेनॉलच्या वाफा हवेत तीन-साडेतीन टक्के झाल्या की पेट घेतात, आणि शुद्ध अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून ठिणगीने त्याच्या वाफा पेटू शकतात तो, १३ डिग्री आहे, म्हणजे आपल्या हवेत ते कायमच पेटायच्या तयारीत असतं.

आता शेवटचं चार टक्के पाणी. साध्या भांड्यातून एकदा काढलं तर २०-३० टक्क्यांचा माल येतो, चांगला भरलेला कॉलम आणि रिफ्लक्स असेल तर ९०-९४ पर्यंत जातो, पण वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे साधं डिस्टिलेशन जातच नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. कारखान्यात ते शेवटचं पाणी मॉलिक्युलर सीव्हने शोषून घेतात, बारीक छिद्रांच्या झिओलाइटच्या गोळ्या असतात, त्यात पाण्याचा कण शिरतो आणि अल्कोहोलचा शिरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल ९९ टक्क्यांच्या वर लागतं, म्हणून हे करावं लागतं.

तुम्ही म्हणाल की मला कशाला एवढं शुद्ध, ब्राझीलमध्ये तर पाणीवालं इथेनॉल सरळ पंपावर मिळतं. बरोबर आहे, तिथे १९७५ पासून सरकारने प्रोआल्कूल कार्यक्रम चालवला आणि गाड्याच तशा बनवल्या. ज्या इंजिनमध्ये फक्त इथेनॉल जातं त्याला ५-७ टक्के पाणी चालतं. पण तेच ९३ टक्क्यांचं तुम्ही पेट्रोलच्या टाकीत ओतलंत तर दोन थर होऊ शकतात. वर पेट्रोल, खाली पाणी आणि अल्कोहोल. आमच्या मुलुंडच्या मेकॅनिकने मागच्या जुलैमध्ये एका स्कूटरच्या टाकीतून काढलेली बाटली मला दाखवायला ठेवली होती, बिसलेरीची बाटली, वर दोन-तृतीयांश फिकट पिवळं, खाली ढगाळ पांढरट, मध्ये रेघ इतकी स्वच्छ की पट्टीने मारल्यासारखी. झाकणाचं रबर गेलं होतं आणि पावसाचं पाणी आत गेलं होतं, इथेनॉलने ते पाणी धरलं आणि पेट्रोल सोडून खाली जाऊन बसलं. इंजिन तळातूनच इंधन ओढतं, म्हणून ते पाणीच ओढत होतं. तेव्हा घरी काढलेलं अल्कोहोल बाईकच्या टाकीत थोडं थोडं मिसळून बघू हा विचार आधी डोक्यातून काढून टाका.

बाईकचं अजून एक आहे. तुमची गाडी एप्रिल २०२० नंतरची असेल तर ती बीएस-६ आहे, फ्युएल इंजेक्शनची. इथेनॉलला हवा कमी लागते, पेट्रोलच्या एक किलोला १४.७ किलो हवा तर इथेनॉलच्या एक किलोला ९, म्हणून त्याच हवेत इंधन दीडपट जायला हवं. जुन्या कार्बोरेटरमध्ये जेट साधारण वीस-पंचवीस टक्के मोठा करून हे जमायचं, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंधन ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, इतकं ॲडजस्ट करत नाही, इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि तापतं. रबरी सील फुगतात, ॲल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी गंज चढते. पॉवर वीडर आणि पेट्रोलवर चालणारा छोटा पाण्याचा पंप अजून कार्बोरेटरवरचे असतात, त्यांत तांत्रिकदृष्ट्या होईल. पण तुमच्या वाडीतला मोठा खर्च डिझेलचा असेल तर सरळ सांगते, डिझेल इंजिनमध्ये इथेनॉल चालत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने पेटायला लागतं आणि इथेनॉल दाबाने पेटत नाही, म्हणून तर त्याचा ऑक्टेन इतका चांगला. आपल्याकडचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, मोठा पंप एकतर विजेवर नाहीतर डिझेलवर. अमेरिकन व्हिडिओतला शेतकरी आपल्या पेट्रोल पिकअपमध्ये इथेनॉल टाकतो ते त्याच्या जागी ठीक आहे, आपल्या शेतात पेट्रोल असं जळतं किती?

व्हिडिओवरून दुसरी गोष्ट. तिथे सरकार शेतकऱ्याला इंधनासाठी अल्कोहोल करायचं वेगळं परमिट देतं, छोट्या उत्पादकाला वर्षाला दहा हजार प्रूफ गॅलनपर्यंत (प्रूफ गॅलन हे अल्कोहोल मोजायचं तिथलं माप). आपल्याकडे असं काही नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, त्यात दारू या शब्दाची व्याख्या इतकी मोठी आहे की ज्या द्रवात अल्कोहोल आहे तो सगळा त्यात येतो, पिता येऊ नये म्हणून काही मिसळलेलं डिनेचर्ड स्पिरिटसुद्धा. कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं आणि डिस्टिलरी उभारणं दोन्हीला मनाई आहे, आणि कलम ६५ मध्ये भट्टीचं साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. मी पिणार नाही, पंपात घालणार आहे, हे म्हणून काही उपयोग होत नाही, पोलिसाला आणि उत्पादन शुल्कवाल्यांना तुमच्या शेडमध्ये हातभट्टीच दिसणार. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने औद्योगिक अल्कोहोलवरसुद्धा राज्यांचा अधिकार आहे असा निकाल दिलाय, म्हणजे विचारायचं ते राज्य उत्पादन शुल्क विभागालाच, तुमच्या बाबतीत पालघर जिल्ह्याच्या अधीक्षकांना. लेखी विचारा, आणि उत्तर लेखी येईपर्यंत एक लिटरसुद्धा काढू नका.

काही लोक मला म्हणतात की मॅडम हा कायदा शेतकऱ्याच्या विरोधात आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, इंधनासाठी छोट्या शेतकऱ्याला सोपा परवाना असायला हवा असं मलाही वाटतं. पण मी मुंबईत राहते आणि २०१५ चा जून विसरू शकत नाही, मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. गेलेली बहुतेक सगळी हातावर पोट असलेली माणसं. फळांच्या वॉशमध्ये फळातल्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थामुळे थोडं मिथेनॉल होतंच आणि ते अल्कोहोलबरोबर वर येतं. इंजिनला त्याचं काही नाही, पण गावात बॅरल भरून स्पिरिट ठेवलंय म्हटल्यावर कोणीतरी रात्री येऊन ते पिणार नाही याची खात्री कोण देणार? दहा-बारा वाड्या मिळून करायचं असेल तर हा प्रश्न तंत्राच्या आधी येतो.

डहाणूला आणखी एक अडचण आहे जी तुम्हाला कदाचित माहीत नसेल. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र आहे, तिथे लाल वर्गातल्या, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या, उद्योगांना मनाई आहे, आणि डिस्टिलरी लाल वर्गात येते. का येते ते त्या काळ्या पाण्यामुळे. आमच्याकडे त्याला स्पेंट वॉश म्हणतात. तुमच्या १७० लिटर अल्कोहोलमागे जवळपास अडीच हजार लिटर स्पेंट वॉश उरेल, गरम, आंबट, सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं. मळीच्या स्पेंट वॉशचा सीओडी, म्हणजे ती घाण पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचं माप, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, चिकूचा त्याहून कमी असेल, पण ओढ्यात सोडलं तर मासे मरायला तेवढं पुष्कळ झालं. पाण्यातला प्राणवायू सगळा खाऊन टाकतं ते. मी कारखान्यात असताना गावकरी बाटलीत विहिरीचं पाणी भरून गेटवर आणायचे, चहासारखं तांबडं. त्या बाटल्यांकडे बघून मान खाली घालायची वेळ आमच्यावर आलेली आहे, म्हणून सांगते की अल्कोहोलच्या पाइपकडे बघायच्या आधी खालच्या पाइपकडे बघा.

म्हणजे छोट्या प्रमाणावर इथेनॉल होतच नाही का? होतं, पण कुठे आणि कशासाठी ते नीट ठरवावं लागतं. आपल्याच महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर अख्खं काम केलंय, आणि ते मला ब्राझीलपेक्षा जास्त आपलं वाटतं. १९८० च्या दशकात अनिल राजवंशी आणि त्यांच्या लोकांनी गोड ज्वारीच्या ताटांच्या रसापासून अल्कोहोल केलं आणि डिस्टिलेशनची उष्णता सूर्यापासून घेतली, आणि पुढे त्यांनी चक्क ५०-६० टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी अशा मिश्रणावर चालणारा स्टोव्ह बनवला. ही फार हुशारीची गोष्ट आहे. शेवटचं पाणी काढायला सगळ्यात जास्त खर्च येतो, मग काढायचंच कशाला, चुलीला ते चालतं ना. शिवाय अर्धं पाणी असलेलं इंधन शुद्ध अल्कोहोलइतकं भडकत नाही, सांडलं तर पाण्यानेच विझतं, धूर नाही. इंजिनाच्या मागे लागायच्या ऐवजी स्वयंपाकाच्या मागे लागलं की पाणी शत्रू राहत नाही. गोड ज्वारीत आणखी एक सोय, वरचं कणीस खायला, ताटाचा रस अल्कोहोलला आणि चोथा गुरांना नाहीतर भट्टीत. तंत्र होतं, आपल्या मातीतलं होतं, परवान्याची वाट मात्र कधी सोपी झाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऊस पट्ट्यात म्हणाल तर तिथे गाव पातळीवर करण्याची गरजच उरलेली नाही. टनभर उसाच्या रसातून सत्तर लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, टनभर मक्यातून ३८० च्या आसपास, आणि तेल कंपन्या ते ठरलेल्या भावाने घेतात, उसाच्या रसाचं ६५ रुपये ६१ पैसे असा भाव गेल्या काही हंगामांत होता. गुळापासून करू म्हणणारेही भेटतात. एक किलो गुळातून अर्धा लिटर निघतं, गुळाचा भाव चाळीस धरला तरी नुसता कच्चा माल लिटरला ऐंशी रुपये. भाव मोठ्या प्लांटच्या हिशोबाने ठरतो, छोट्याला त्या भावात हात घालता येत नाही.

मग तुमच्या तीन टन चिकूचं काय? बायोगॅस करा. मला माहितीये की हे ऐकून तुमचा हिरमोड होईल, इथेनॉल बाटलीत भरता येतं, गाडीत ओतता येतं, त्यात एक मजा आहे. पण आकडे बघा. तीन टन चिकूत सुका भाग साधारण पाऊण टन, त्यातून अंदाजे २८० घनमीटर गॅस निघू शकतो, म्हणजे १२० किलो एलपीजीचं काम, घरगुती सिलिंडर आठेक. ऊर्जेत मोजलं तर साडेपाच हजार मेगाज्यूलच्या पुढे, इथेनॉलच्या वाटेने साडेतीन हजार येत होते, आणि इथे एक काडी लाकूड जाळायचं नाही, पाणी काढायचं नाही, उलट पाणी घालायचं. जे पाणी तिकडे डोक्याला ताप होतं तेच इथे कामाला येतं. साल, बी, सडका, बुरशी आलेला, सगळा चालतो, ठेचून टाकला की झालं. खाली उरते ती स्लरी, ती झाडाच्या आळ्यात जाते. आणि उत्पादन शुल्कवाल्यांचा यात काही संबंध नाही.

एक पथ्य मात्र पाळा, नुसता चिकू टाकू नका. साखर इतक्या पटकन आंबते की टाकी आंबट होते आणि गॅस करणारे जंतू बसतात ते उठतच नाहीत. शेण सोबत हवंच, सुरुवातीला तर निम्म्याहून जास्त, आणि चिकू रोज थोडा थोडा. पीएच सातच्या आसपास राहिला पाहिजे, साडेसहाच्या खाली गेला की चिकू बंद, चार दिवस फक्त शेणपाणी. गॅस निळा जळतोय तोवर सगळं ठीक, ज्योत विझायला लागली की टाकीचं पोट बिघडलंय.

मुंबईकरांना हे नवीन वाटू नये खरं तर, १८९७ च्या सुमाराला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरल्याची नोंद आहे. आणि ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, शरद काळे सरांनी निसर्गऋण बायोगॅस प्लांट उभा केला तो स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच. पुण्याच्या आरती (ARTI) या संस्थेने तर घराच्या गच्चीवर बसेल असा छोटा संच केला होता, डॉ. आनंद कर्व्यांचं काम ते, २००६ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. खरकट्या आणि पिठूळ गोष्टींवर तो शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस देतो.

पंपाचं म्हणाल तर पंपाला इंधनच कशाला, राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के. त्यासाठी अर्ज करा. डिझेल पंप आधीच असेल तर त्याला बायोगॅस जोडता येतो, हवेच्या पाइपमधून गॅस द्यायचा, डिझेल फक्त पेटवायला, डिझेलचा बराच मोठा भाग वाचतो. पॉवर वीडरला जेवढं पेट्रोल लागतं तेवढं विकत घ्या, ते फार नसतं.

दहा-बारा वाडीवाले एकत्र येणं मात्र सोडू नका, ती तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. फक्त एकत्र येऊन भट्टी लावायची नाही. आधी चिकू निवडा. जो फुटलाय पण सडलेला नाही त्याचे चिप्स, पावडर होते, तिकडे बोर्डी-घोलवडला बायका हे करतातच, घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्या नावाला भाव आहे. किलोला इंधनातून तुम्हाला चार रुपयेही सुटत नाहीत, पावडरमधून त्याच्या कितीतरी पट सुटतात. अल्कोहोलचीच आवड असेल तर बोर्डीला परवाना घेऊन चिकूची वाइन करणारी वायनरी आहे, त्यांना माल द्यायचं बघा. आणि जो कुठल्याच कामाचा नाही, खाली पडून काळा झालाय, तो टाकीत.

पुढच्या वेळी डहाणू लोकलने जाल तेव्हा एक वजनकाटा आणि रसातली साखर मोजायचा एक रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जा, पेनासारखा असतो, ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतो. महिनाभर रोज खाली पडलेला माल दोन ढिगांत करून वजन करायला सांगा, वापरण्यासारखा आणि टाकण्यासारखा, आणि आठवड्यातून एकदा रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचा साधारण टक्का, बघा. तीन टन हा आकडा बहुतेक अंदाजाने सांगितलेला असतो, माझ्या अनुभवात मोजल्यावर तो कधी दीड निघतो, कधी पाच. गुरं किती आहेत आणि रोज शेण किती मिळतं तेही लिहून ठेवा. हे आकडे मला पाठवा, मग टाकी दोन घनमीटरची घ्यायची की चारची ते मी सांगते.